सायबर सुरक्षेत पीएचडी: अर्जाच्या आधीपासून व्हायवाच्या नंतरपर्यंत

गेट आणि नेटचे निकाल लागले की माझ्याकडे एकाच साच्यातले ईमेल येऊ लागतात. "मॅडम, सायबर सिक्युरिटीमध्ये पीएचडी करायची आहे. एथिकल हॅकिंगचा कोर्स झाला आहे. कृपया विषय सुचवा." पुढच्या पाच-सहा वर्षांचे बहुतेक घोळ या तीन वाक्यांत आधीच दडलेले असतात. प्रत्येकाला तेच ते उत्तर लिहून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे.

आधी नोकरीचं बघू

पेनिट्रेशन टेस्टिंग (परवानगीने हल्ला करून त्रुटी शोधणं) करायचं असेल, एसओसीत, म्हणजे सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रात, पाळ्या लावून अलर्ट बघायचे असतील, बँकांचं ऑडिट करायचं असेल, तर पीएचडी लागत नाही. तिथे हातातलं काम, एखादं चांगलं सर्टिफिकेट आणि चार वर्षांचा अनुभव पुरतो. पीएचडी लागते ती विद्यापीठात किंवा आयआयटीत शिकवायला, कंपन्यांच्या आणि सरकारी संशोधन प्रयोगशाळांत जायला, किंवा क्रिप्टोग्राफीसारख्या (माहिती गुप्त ठेवण्याच्या शास्त्रासारख्या) गणिती कामात उतरायला. पगार वाढेल म्हणून करत असाल तर साधा हिशेब मांडा. तुम्ही पाच वर्षं फेलोशिपवर काढाल आणि बरोबरीचे मित्र तेवढ्या काळात दोनदा नोकरी बदलून कुठल्या कुठे गेलेले असतील. एवढं कळूनही करावीशी वाटत असेल, तर पुढे वाचा.

विषय नको, प्रश्न शोधा

"सायबर सुरक्षा" हा पीएचडीचा विषय होऊच शकत नाही, कारण त्या एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळी दुकानं आहेत. क्रिप्टोग्राफी हे गणिताचं काम. संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), बीजगणित आणि संभाव्यता यांची आवड नसेल तर तिकडे फिरकू नका. सिस्टीम सुरक्षेत ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर आणि मेमरी यांच्याशी झटापट असते. सी भाषेची भीती वाटत असेल तर ते जमणार नाही. हार्डवेअर सुरक्षेत चिप किती वीज खाते, कुठल्या क्रियेला किती वेळ लागतो, यावरून आतली गुप्त किल्ली काढता येते का, हे बघतात. हा साइड-चॅनल प्रकार १९९६ सालच्या टायमिंग हल्ल्यापासून गाजतो आहे आणि जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्यावर तो सगळ्या जगाला कळला. नेटवर्क आणि मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) हे चौथं दुकान. पाचवं माणसांचं: लोक ओटीपी का सांगून टाकतात, परवानगीच्या खिडकीवर न वाचता "अलाऊ" का दाबतात, प्रायव्हसी सेटिंग कुणाला का सापडत नाही. या पाचव्या दुकानात आपल्याकडे गर्दी फार कमी आहे आणि करण्यासारखं काम ढिगाने पडलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता माझीच फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी "मशीन लर्निंग वापरून घुसखोरी ओळखणे" असा विषय घेतला होता. नव्याने येणाऱ्या दहा जणांतले निम्मे तोच घेतात. इंटरनेटवर तयार डेटा मिळाला, तयार लायब्ररी मिळाली, दोन आठवड्यांत अचूकता ९९.६ टक्के आली. मी प्रगती अहवालाच्या सादरीकरणात तो आकडा मोठ्या अक्षरात लावला. बाहेरून आलेले एक वयस्कर परीक्षक शांतपणे म्हणाले, "हा डेटा कधीचा आहे?" मी म्हटलं, "केडीडी कप ९९, सर. मूळ नोंदी १९९८ च्या." ते म्हणाले, "बाळ, १९९८ साली तू कितवीत होतीस?"

चौथीत होते.

तो डेटा अमेरिकी हवाई दलाच्या तळावरच्या नेटवर्कची नक्कल करून प्रयोगशाळेत तयार केलेला होता. त्या नोंदींवर २००० सालीच सविस्तर टीका छापून आली होती. नंतर २००९ मध्ये त्यातल्या दुबार नोंदी काढून एनएसएल-केडीडी नावाची आवृत्ती आली, पण आतला काळ तोच राहिला. त्या जगात स्मार्टफोन नव्हते, क्लाउड नव्हता, बहुतेक रहदारी एन्क्रिप्ट केलेली (गुप्त रूपात बदललेली) नव्हती. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, शोधलंत तर या डेटावर उभे राहिलेले प्रबंध आजही सापडतील. त्यात तुमच्या प्रबंधाची भर पडू नये.

परीक्षकांनी मग फळ्यावर एक हिशेब मांडला. तो मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करायला लावते. एखाद्या मध्यम आकाराच्या संस्थेत दिवसाला १० लाख नेटवर्क घटना नोंदल्या जातात असं धरा. त्यातल्या खऱ्या हल्ल्याच्या फक्त १०. तुमची यंत्रणा दहाच्या दहा पकडते, पण निरपराध घटनांपैकी १ टक्का चुकून पकडते. म्हणजे रोज १०,००० च्या आसपास खोटे इशारे आणि त्यात लपलेले १० खरे. पाळीवरचा माणूस पहिल्याच दिवशी दुपारी इशारे बघणं सोडून देईल. आकडा ९९ टक्के दिसतो आणि यंत्रणा मात्र निरुपयोगी असते. सुरक्षेच्या संशोधनात अचूकता किती, यापेक्षा चूक कुणाला केवढ्याला पडते, हा प्रश्न मोठा.

प्रश्न कसा घडवायचा, हे एका आपल्याकडच्याच घटनेवरून पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातली मोठी रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून, नकली कार्डांवर, काही तासांत काढली गेली. कार्डाचा व्यवहार मंजूर करणारा स्विच आणि बँकेची मुख्य प्रणाली यांच्यामध्ये हल्लेखोरांनी आपला खोटा मध्यस्थ बसवला होता. एटीएमकडून आलेली विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती. मधला खोटा स्विचच "मंजूर" असं उत्तर देत होता.

यावरून नवखा विद्यार्थी "बँकांची सायबर सुरक्षा: एक अभ्यास" असं शीर्षक काढतो. यात मोजण्यासारखं काहीच नाही. एक पायरी खाली या: "एटीएम व्यवहारांतली फसवणूक ओळखणे." अजून ढोबळ. आणखी खाली: स्विचने मंजूर केलेले व्यवहार आणि मुख्य प्रणालीत उमटलेले व्यवहार यांच्यात फारकत पडली आहे, हे जास्तीत जास्त किती व्यवहारांनंतर ओळखता येईल, आणि त्यासाठी रोज किती खोटे इशारे सोसावे लागतील? हा प्रश्न झाला. याला उत्तर आहे, ते चुकू शकतं, ते दुसरा कुणी तपासू शकतो. लगेच पुढची अडचण समोर येते की कुठलीच बँक तुम्हाला खरे व्यवहार देणार नाही. म्हणजे आयएसओ ८५८३ या संदेशपद्धतीप्रमाणे खोटे व्यवहार निर्माण करणारी यंत्रणा तुम्हालाच उभारावी लागेल आणि ती खऱ्याच्या किती जवळ आहे, हेही दाखवावं लागेल. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण इथेच निघालं.

अर्जाच्या आधी असे तीन प्रश्न तुमच्या वहीत असायला हवेत. पुढे तिन्ही बदलतील, ती वेगळी गोष्ट.

गाइड निवडणं

स्थळ बघताना करतो तेवढी चौकशी इथे करा. मी हे गमतीने म्हणत नाही. लग्नाइतकाच हा निर्णय मागे घ्यायला अवघड असतो.

पहिल्यांदा शोधगंगेवर त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध काढा. इन्फ्लिबनेटच्या या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. नोंदणीचं साल आणि प्रबंधाचं साल यांतला फरक पाहिलात की त्यांच्याकडे किती वर्षं लागतात ते कळतं. मग त्या विद्यार्थ्यांना गाठा. विचारायचं एवढंच: "सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटतात? पेपरचा मसुदा दिला की किती दिवसांत परत येतो?" उत्तरापेक्षा उत्तर देण्याआधी समोरचा किती थांबला, याकडे लक्ष ठेवा.

दुसरं, जागा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी नसेल तर कितीही गोड बोलणं झालं तरी प्रवेश होत नाही. तिसरं, निवृत्ती. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. चार वर्षं उरली असतील तर नियमात बसतं, पण सहगाइड कोण असेल ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. संकोच करू नका.

ईमेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर, आय अॅम हायली इंटरेस्टेड" या थाटातलं पत्र पन्नास जणांना एकदम पाठवू नका. ते लगेच ओळखू येतं, माझ्याकडे तर दुसऱ्यांचीच नावं वर राहिलेली पत्रं येतात. पाच-सहा ओळी पुरतात: तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातला तमुक प्रयोग मी माझ्या मशीनवर करून पाहिला, आकडा जुळला नाही, माझ्या मते याचं कारण हे असावं, मी चुकते आहे का? सोबत कोडचा दुवा. अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता खूपच जास्त.

कुठे काय चालतं याचा अंदाज यावा म्हणून थोडी नावं देते. क्रिप्टोग्राफीसाठी कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आणि बेंगळुरूची आयआयएससी. हार्डवेअर आणि साइड-चॅनलसाठी आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रास. वीजयंत्रणा, कारखाने अशा महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांच्या सुरक्षेसाठी आयआयटी कानपूरचं सी३आय हब. हैदराबादच्या ट्रिपलआयटीत सुरक्षा आणि अल्गोरिदम यांचं स्वतंत्र केंद्र आहे. जवळचं बघायचं तर आयआयटी मुंबईचा संगणक विभाग, पुण्यात गिरीनगरची डीआयएटी, नागपूरची व्हीएनआयटी, मुंबईची व्हीजेटीआय, आणि डिजिटल फॉरेन्सिककडे ओढा असेल तर राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं गोव्यातलं संकुल. पण संस्थेच्या नावाला भुलू नका. मोठ्या संस्थेतल्या गैरहजर गाइडपेक्षा साध्या विद्यापीठातला रोज लॅबमध्ये येणारा गाइड कधीही परवडतो.

पात्रता, परीक्षा, मुलाखत

सर्वसाधारण नियम असा: पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के, आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी ५ टक्के सवलत. चार वर्षांची पदवी असेल तर एमटेकशिवायही अर्ज करता येतो, पण त्यासाठी ७५ टक्के हवेत. एम.फिल. आता बंद झालं आहे. आयआयटी आणि आयआयएससीसारख्या संस्थांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, ते जाहिरातीत वाचा.

प्रवेशाचे रस्ते तीन. गेट: गुण तीन वर्षं चालतात, आयआयटीसाठी हाच राजमार्ग. नेट: २०२४ पासून नेटचे गुण थेट पीएचडी प्रवेशाला धरले जातात, ७० टक्के भार नेटला आणि ३० टक्के मुलाखतीला, जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, न मिळालेल्यांचे हे गुण एकच वर्ष वैध असतात, तेव्हा उशीर नको. तिसरा रस्ता म्हणजे विद्यापीठाची स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षा (पेट), जिथे ती अजून होते तिथे.

मुलाखतीत हॅकिंगच्या गोष्टी कुणी विचारत नाही. टीसीपीचा हॅन्डशेक काढा, व्हर्च्युअल मेमरी समजावा, हॅश फंक्शन आणि एन्क्रिप्शन यांत फरक काय, एखादा लहान पुरावा लिहून दाखवा, असं विचारतात. एका उमेदवाराने बायोडेटात बारा टूल लिहिली होती. त्यातल्या एकावर समितीतल्या कुणीतरी विचारलं, "हे आतून काय करतं?" मुलाखत तिथेच संपली. दोनच टूल लिहा, पण पोटात शिरून.

पैशाचं गणित

जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफला (वरिष्ठ संशोधन फेलोशिपला) ४२,००० रुपये, वर घरभाडं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये कितवं वर्ष आहे त्यानुसार महिना ७० ते ८० हजार मिळतात, पण चुरस फार. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची विश्वेश्वरय्या योजना याच क्षेत्रासाठी आहे. तुमच्या संस्थेला त्यात जागा आहेत का, ते कार्यालयात विचारा. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय यांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गांसाठी आहेत. त्यांच्या जाहिराती कधी येतील आणि रक्कम खात्यात कधी पडेल याचा भरवसा धरू नका. सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच पूर्णवेळ उडी घ्या. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअरची कागदपत्रं जाहिरात येण्याआधीच काढून ठेवा, तहसीलच्या रांगेत मुदत निघून गेलेली पाहिली आहे.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, पण कार्यालयाची एनओसी लागते आणि त्या पत्रात अभ्यासाला वेळ दिला जाईल असं लिहिलेलं असावं लागतं. कंपनीतला डेटा प्रबंधात वापरायचा विचार असेल तर त्याची परवानगी वेगळी आणि लेखी घ्या. चौथ्या वर्षी व्यवस्थापक बदलला आणि नव्याने "हा डेटा बाहेर जाणार नाही" असं सांगितलं, म्हणून प्रबंध अर्ध्यावरून पुन्हा सुरू करणारा सहाध्यायी मी पाहिला आहे.

आणि "एका वर्षात पीएचडी, घरबसल्या" अशा जाहिरातींबद्दल: किमान मुदत ३ वर्षांची आहे, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने केलेली पीएचडी मान्य नाही. २०२५ च्या जानेवारीत यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षांसाठी पीएचडी प्रवेश बंद केले. एजंटला दिलेले पैसे अर्थातच परत येत नाहीत.

पहिली दीड-दोन वर्षं

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा विषय सक्तीचा. उरलेले विषय निवडताना सोपे गुण बघू नका. संख्याशास्त्र घ्याच, पुढे दर आठवड्याला लागतं.

वाचनाची सवय अशी लावा. सुरक्षेतल्या चार मोठ्या परिषदा आहेत: आयईईई एस अँड पी, जिला लोक अजून ओकलंड म्हणतात, युझनिक्स सिक्युरिटी, एसीएम सीसीएस आणि एनडीएसएस. क्रिप्टोसाठी क्रिप्टो, युरोक्रिप्ट, एशियाक्रिप्ट. युझनिक्स आणि एनडीएसएसचे सगळे पेपर फुकट मिळतात. आठवड्याला दोन पेपर पुरेत, पण प्रत्येकाचं पानभर टिपण हाताने लिहा: हल्लेखोराला काय काय जमतं असं यांनी गृहीत धरलं आहे? काय मोजलं? काय मोजायचं टाळलं? तिसऱ्या प्रश्नात तुमचा प्रबंध लपलेला असतो.

मग एक पेपर निवडा आणि त्याचे निकाल स्वतः काढून बघा. नक्कल म्हणून कुणी हिणवेल, दुर्लक्ष करा. माझे त्यात तीन महिने गेले. लेखकांचं कोड मिळालं, पण ते लिनक्सच्या एका जुन्या आवृत्तीवरच चालत होतं. क्यूईमू या आभासी मशीनवर ती आवृत्ती उभी करण्यात दोन आठवडे, मग आकडे निम्मेच आले. शेवटी कळलं की त्यांनी प्रोसेसरची गती कमी-जास्त करून वीज वाचवणारी एक सुविधा बंद ठेवली होती आणि ते पेपरमध्ये एका तळटीपेत होतं. त्या तळटीपेतून माझा पहिला खरा प्रश्न निघाला: ती सुविधा चालू असताना हल्ला किती कमजोर होतो?

हत्यारं फार लागत नाहीत. पायथन आणि सी, नेटवर्कसाठी वायरशार्क, बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) उघडायला घिड्रा, फझिंग (प्रोग्रामला वेडेवाकडे इनपुट देऊन तो कोलमडतो का बघणं) करणार असाल तर एएफएल प्लस प्लस, लिखाणाला लाटेक, संदर्भांना झोटेरो. कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या आवृत्त्या जपल्या जातात. प्रत्येक प्रयोगाची तारीख, मशीन, आवृत्ती आणि निकाल एका वहीत. दोन वर्षांनी पेपर तपासणारा रिव्ह्यूअर विचारतो, "आकृती ४ मधला तिसरा स्तंभ कसा आला?" तेव्हा ती वहीच कामाला येते.

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगती मांडायची असते. "वाचन सुरू आहे" हे एका सत्राला चालतं, दुसऱ्याला नाही. पूर्णवेळ विद्यार्थ्याला आठवड्याला चार-सहा तास शिकवण्याचं किंवा सहायकाचं काम लागू शकतं. त्यापेक्षा जास्त गळ्यात पडू लागलं, नॅकच्या फायली आणि परीक्षेच्या पर्यवेक्षणासकट, तर नियम हाताशी ठेवा आणि नम्रपणे दाखवा.

कायद्याची रेघ

या शाखेचं वेगळेपण इथे आहे. इतिहासाचा विद्यार्थी चुकला तर तळटीप दुरुस्त करतो, आपण चुकलो तर गुन्हा दाखल होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं हेच बेकायदा आहे आणि अप्रामाणिक हेतू ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी संशोधक आहे" असं म्हणून सुटका होईल असं वेगळं कलम आपल्या कायद्यात नाही.

वस्तू कुठून आणली हेही तितकंच महत्त्वाचं. २०१० मध्ये भारतीय मतदान यंत्राच्या सुरक्षेवरचा अभ्यास छापून येणार होता. त्यातल्या हैदराबादच्या एका संशोधकाला अभ्यासासाठी वापरलेलं यंत्र चोरीचं असल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी अटक केली. पुढे जामीन मिळाला. आरोपाबद्दल काहीही मत असो, पण यंत्र विकत घेतल्याची पावती किंवा मालकाचं पत्र फायलीत असलं की रात्री झोप लागते.

म्हणून स्वतःच्या मशीनवर, स्वतः विकत घेतलेल्या राउटरवर, लेखी परवानगी दिलेल्या नेटवर्कवरच प्रयोग करा. कॉलेजचं वायफाय हे "आपलं" नसतं. त्रुटी सापडली तर आधी उत्पादकाला कळवा, तिथून उत्तर नाही आलं तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला. छापायच्या आधी मुदत द्या आणि सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा. मोठ्या परिषदा आता विचारतातच.

माणसांवरचा प्रयोग असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता प्रयोगाच्या आधी घ्या. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सांभाळकर्त्यांना मुद्दाम सदोष पॅच (कोडमधले बदल) पाठवून पाहिले होते. २०२१ मध्ये गवगवा झाल्यावर त्या अख्ख्या विद्यापीठाच्या योगदानावर बंदी आली आणि स्वीकारला गेलेला पेपर मागे घ्यावा लागला. कोड तपासणारा माणूस हाही "माणूस" धरायचा असतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पेपर छापणं

इथे एक पेच आहे. सुरक्षेत मानाचं काम परिषदांत छापून येतं, आणि आपली अनेक विद्यापीठं अजून जर्नल मोजतात. २०२२ च्या नियमांनी छापील पेपरची देशव्यापी सक्ती काढली आहे, तरी तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो. तो परिपत्रकात वाचा, कँटीनमध्ये ऐकू नका. माझा सल्ला: मुख्य काम चांगल्या परिषदेला, आणि त्याचीच वाढवलेली आवृत्ती एखाद्या बऱ्या जर्नलला. सुरुवातीला थेट ओकलंडवर झेप घेण्याची गरज नाही. इंडोक्रिप्ट आणि आयसीआयएसएस या आपल्याकडे भरणाऱ्या परिषदांत बोलायचा सराव होतो, ओळखी होतात. सात दिवसांत पेपर छापून देतो आणि पैसे मागतो तो संपादक नसतो, दुकानदार असतो.

नकार येतील. माझा पहिला पेपर चार ठिकाणांहून परत आला. एका रिव्ह्यूअरने लिहिलं होतं, "हल्लेखोराकडे आधीच रूट (मशीनवरचे सर्वोच्च) अधिकार आहेत, मग त्याला या हल्ल्याची गरज काय?" दोन दिवस मी त्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी ते खरं असल्याचं दिसलं आणि अर्धा पेपर फेकून द्यावा लागला. नकाराचं पत्र आल्यावर ४८ तास उत्तर लिहायला बसायचं नाही, हा आमच्या लॅबचा नियम तेव्हापासूनचा.

परदेशी जायचं असेल तर

थोडक्यात: अमेरिकेत बीईनंतर थेट अर्ज करता येतो, पाच-सहा वर्षं लागतात, चांगल्या ठिकाणी फी माफ होऊन असिस्टंटशिपवर खर्च निघतो. अर्जांची मुदत बहुतेक डिसेंबरात संपते, म्हणून शिफारसपत्रांसाठी सप्टेंबरातच सरांच्या मागे लागा. जर्मनीत पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते. तिथे जाहिरात बघून अर्ज करायचा. सारब्रुकेनचं सिस्पा आणि बोखुमची मॅक्स प्लांक संस्था या फक्त सुरक्षा आणि प्रायव्हसीवर काम करतात. ॲमस्टरडॅमचा व्हीयूसेक गट सिस्टीम सुरक्षेत दबदबा राखून आहे. स्वखर्चाने पीएचडीला जाऊ नका.

लिहून काढणं आणि व्हायवा

प्रबंध शेवटच्या सहा महिन्यांत लिहायचा नसतो, पण सगळे तसंच करतात. निदान संबंधित संशोधनाचं प्रकरण दरवर्षी ताजं करत जा. साधर्म्य तपासणीत, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतं या चाचणीत, १० टक्क्यांपर्यंत चालतं. ४० च्या पुढे गेलात तर प्रकरण गंभीर. स्वतःच्याच पेपरमधला मजकूर धरला जातो का, हे विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी विचारा. एकूण मुदत ६ वर्षं, पुढे दोन वर्षांची वाढ मिळू शकते. महिलांना आणि दिव्यांगांना आणखी दोन, शिवाय महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा. रजेचा अर्ज वेळेवर करा, नंतर मागच्या तारखेने कुणी देत नाही.

प्रबंध गाइडबरोबर निदान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. सादर केल्यापासून सहा महिन्यांत सगळं उरकावं असा नियम आहे. दर पंधरा दिवसांनी परीक्षा विभागात चक्कर मारा, फाइल कुठल्या टेबलावर आहे ते नाव घेऊन विचारा. व्हायवा खुला असतो, आई-वडिलांना बोलवा. हल्लेखोराचं तुमचं गृहीतक पहिल्या दोन स्लाइडमध्येच मांडा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. जे माहीत नाही त्याला "हे मी मोजलेलं नाही" म्हणा. हे वाक्य कुणाला खटकत नाही.

पेढे वाटून झाले की एक काम उरतं. पदवी यूजीसीच्या पीएचडी नियमांनुसार दिली आहे, असा स्पष्ट उल्लेख असलेलं तात्पुरतं प्रमाणपत्र परीक्षा विभागातून मागून घ्या. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला तेच मागतात. दोन झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा, आणि प्रबंधाची प्रत शोधगंगेवर चढली का ते महिन्याभराने एकदा पाहून घ्या.